बाळाची रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच अपुरी असेल तर: संशयापासून प्रत्यारोपणानंतर घरी येईपर्यंत काय करायचं

निदानाचा कागद हातात पडला की आई-वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रत्यारोपण कधी? लहान मुलांच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण कक्षात नर्स म्हणून काम करताना मी तो रोज ऐकते. त्यावर मी उलट विचारते, आज रात्री बाळाजवळ कोण झोपणार आहे, आणि त्या माणसाला सर्दी-खोकला आहे का? काही जण गोंधळून बघतात. एवढा मोठा आजार, आणि ही सर्दीचं काय घेऊन बसली, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

कारण सांगते. सिव्हिअर कंबाइंड इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे स्किड, हा जन्मजात प्रतिकारदोषांच्या गटातला सर्वांत गंभीर आजार. उत्तर अमेरिकेत २००० ते २००९ या काळात प्रत्यारोपण झालेल्या अशा २४० बाळांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. वयाने त्याहून मोठी, पण तोवर एकही संसर्ग न झालेली बाळं घेतली तर ९० टक्के. संसर्ग झाला, पण प्रत्यारोपणाआधी तो पूर्ण बरा झाला, अशांत ८२ टक्के. आणि अंगात संसर्ग असतानाच प्रत्यारोपण करावं लागलं त्यांच्यात ५० टक्के. दाता कोण मिळेल हे कुणाच्याच हातात नसतं. बाळाला त्या दिवसापर्यंत संसर्गाविना पोचवणं मात्र बऱ्याच अंशी घरच्यांच्या हातात असतं. म्हणून या लेखात त्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. औषधांचे डोस आणि उपचाराचे निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचे.

आधी नाव नक्की करून घ्या

'प्रतिकारशक्ती कमी आहे' हे निदान नव्हे. जन्मजात प्रतिकारदोषांचे ४५० हून अधिक प्रकार आज माहीत आहेत आणि त्यांचे उपचार एकसारखे नाहीत. डॉक्टरांना सरळ विचारा: कुठल्या पेशीत दोष आहे, कुठल्या जनुकात आहे, आणि हा आजार तातडीचा आहे का?

टी-पेशी आणि बी-पेशी हे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे प्रकार. स्किडमध्ये टी-पेशी नसतात किंवा काम करत नाहीत. बी-पेशी असल्या तरी टी-पेशींच्या मदतीशिवाय त्या प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवू शकत नाहीत, त्यामुळे बाळाकडे कुठलंच हत्यार उरत नाही. हा तातडीचा आजार आहे, आठवड्यांच्या हिशोबाने चालायचं. एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमियात फक्त बी-पेशी नसतात. ओग्डेन ब्रुटन या डॉक्टरांनी १९५२ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि गॅमा ग्लोब्युलिनची, म्हणजे दात्यांच्या प्रतिपिंडांची, इंजेक्शनं देऊन उपचारही करून दाखवला. त्या मुलांना सहसा प्रत्यारोपण लागत नाही, बाहेरून प्रतिपिंडं आयुष्यभर लागतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत. विस्कॉट-ऑल्ड्रिच आजारात संसर्गाबरोबर एक्झिमा (खाजरं पुरळ) असतो, आणि प्लेटलेट कमीही असतात, आकाराने लहानही. ल्युकोसाइट अ‍ॅड्हेजन डेफिशियन्सीत पेशी रक्तात भरपूर, पण रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेपर्यंत जाऊच शकत नाहीत. अशा बाळाची नाळ तीन-चार आठवडे होऊनही गळत नाही, बेंबी लाल होते, आणि संसर्ग असून पू मात्र धरत नाही.

यातल्या कुठल्याही आजाराचा एचआयव्हीशी संबंध नाही. हे ठळकपणे सांगावं लागतं, कारण 'इम्युनो डेफिशियन्सी' हे शब्द ऐकले की नातेवाईक कुजबुजायला लागतात आणि आईला नको ते प्रश्न ऐकावे लागतात. एचआयव्हीची तपासणी डॉक्टर करतील, पण ती दुसरी शक्यता बाजूला काढण्यासाठी. आणि बाळात ती पीसीआरने, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधणाऱ्या चाचणीने, करायची असते. प्रतिपिंडांची साधी चाचणी केली तर त्यात आईच्याच प्रतिपिंडांचं प्रतिबिंब दिसतं.

सीबीसीच्या कागदावरची एक ओळ

ज्यांच्या बाळाचं अजून निदान झालेलं नाही, फक्त शंका आहे, त्यांच्यासाठी हा भाग.

तोंडातला पांढरा थर औषध देऊनही पुन्हा पुन्हा येतो. जुलाब आठवडेच्या आठवडे थांबत नाहीत. वजनाचा आलेख आडवा पडतो, नाहीतर खाली जातो. न्यूमोनिया बरा होता होता परत उलटतो. क्षयरोगाविरुद्धच्या बीसीजी लशीची जागा चिघळत राहते आणि त्याच बाजूच्या काखेत गाठ वाढते. यातल्या एखाद्या गोष्टीने लगेच घाबरायचं कारण नाही, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर थांबू नका. आणि घराण्याचा इतिहास काढा. आधीचं भावंड तान्हेपणी गेलं का? आईचे भाऊ, मावश्यांचे मुलगे लहानपणीच 'न्यूमोनियाने', 'जुलाबाने' गेले का? स्किडचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार एक्स गुणसूत्रावरून येतो. तो आईकडून मुलग्यांत उतरतो आणि आई स्वतः ठणठणीत असते. जवळच्या नात्यात लग्न झालं असेल तर इतर प्रकारांची शक्यताही वाढते. हे सगळं डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं, ते विचारतील म्हणून वाट बघायची नाही.

आता तो कागद. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यातले लिम्फोसाइट (टी-पेशी आणि बी-पेशी यांतच येतात) टक्क्यांत दिलेले असतात. दोन्हींचा हिशोब करा. एकूण ८,००० आणि लिम्फोसाइट १५ टक्के, म्हणजे १,२००. तान्ह्या बाळात लिम्फोसाइट मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात. पहिल्या वर्षात हा आकडा २,५०० ते ३,००० च्या खाली असेल तर तो पुन्हा तपासायला हवा. गफलत होते ती इथे: बऱ्याच प्रयोगशाळा कागदावर प्रौढांच्या मर्यादा छापतात, त्यामुळे बाळाचे १,८०० 'नॉर्मल' दिसतात आणि आकड्याखाली कुणी रेघ मारत नाही. एका आईने माझ्यासमोर बसून जुने तीन कागद फोनच्या कॅल्क्युलेटरवर लावून पाहिले होते. तिन्ही वेळा आकडा १,५०० च्या आत. तिन्ही वेळा तो कागद कुणाच्या ना कुणाच्या हातातून पुढे गेला होता.

उलट, आकडा चांगला आहे म्हणून स्किड नाही असंही नाही. काही बाळांत बी-पेशी भरपूर असतात आणि त्या एकूण आकडा वर ठेवतात. काहींच्या रक्तात गर्भातून आलेल्या आईच्या टी-पेशी फिरत असतात. म्हणून पुढची तपासणी लागतेच.

रक्त चढवण्याआधी नमुने, आणि चढवायचं तर विकिरण केलेलंच

मुख्य तपासणी म्हणजे फ्लो सायटोमेट्री. तिच्यात टी, बी आणि एनके (लिम्फोसाइटचा तिसरा प्रकार) पेशी वेगवेगळ्या मोजल्या जातात आणि टी-पेशी कोऱ्या, बाळाच्या स्वतःच्या थायमसमधून (छातीतल्या, टी-पेशी घडवणाऱ्या ग्रंथीतून) नव्याने आलेल्या आहेत का, तेही कळतं. त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे प्रतिपिंडांची, पातळी आणि जनुकीय चाचणी. त्यातल्या आयजीजी या मुख्य प्रकाराच्या आकड्यावर पहिल्या काही महिन्यांत विसंबू नका. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईचं आयजीजी बाळात उतरतं आणि सहा महिन्यांपर्यंत हळूहळू संपतं. दोन महिन्यांच्या बाळाचं आयजीजी चांगलं दिसलं तर ते आईचं आहे.

काही ठिकाणी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ट्रेक चाचणी होते. थायमसमध्ये टी-पेशी तयार होताना डीएनएची छोटी वर्तुळं सुटतात, त्यांची ही मोजदाद. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने ती २००८ मध्ये सर्व नवजातांसाठी सुरू केली आणि २०१८ च्या अखेरीपर्यंत सगळ्या राज्यांत ती पोचली. त्या तपासणीतून साधारण ५८,००० जन्मांमागे एक स्किडचं बाळ, असं प्रमाण समोर आलं. चाचणीत दोष निघाला म्हणजे निदान झालं असं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळातही ती बिघडलेली येते. पण फ्लो सायटोमेट्रीचा निकाल येईपर्यंत बाळाला स्किड आहे असं धरूनच वागायचं.

क्रम महत्त्वाचा आहे. बाळाला रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन देण्याआधी तपासण्यांचे नमुने काढून घ्या. नंतर घेतलेल्या नमुन्यात दुसऱ्याच्या पेशी आणि दुसऱ्याची प्रतिपिंडं मिसळलेली असतात.

रक्त द्यायचंच झालं तर ते विकिरण केलेलं (किरणांनी त्यातले लिम्फोसाइट निकामी केलेलं), पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि सीएमव्ही (सायटोमेगॅलो) विषाणूच्या दृष्टीने सुरक्षित असायला हवं. साध्या रक्तपिशवीत दात्याचे जिवंत लिम्फोसाइट असतात. निरोगी माणसाचं शरीर ते मारून टाकतं. स्किडच्या बाळाला ते जमत नाही, ते लिम्फोसाइट रुजतात आणि बाळाच्याच शरीरावर हल्ला करतात. ही गुंतागुंत जवळपास नेहमी जीवघेणी ठरते. म्हणून बाळाच्या फाइलवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: 'फक्त विकिरण केलेलं रक्त. जिवंत लस नको.' दुसऱ्या रुग्णालयात, रात्री-बेरात्री, तुम्हाला न ओळखणाऱ्या डॉक्टरांसमोर जायची वेळ आली की तेवढी एक ओळ कामाला येते.

लशींचं काय

जिवंत जंतूंच्या लशी सगळ्या थांबवायच्या: बीसीजी, तोंडावाटेचा पोलिओ, रोटाव्हायरस, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या. लशीतला जंतू दुबळा केलेला असतो, पण त्याला अडवायला कुणीतरी लागतं. बीसीजी संपूर्ण अंगात पसरू शकते. पोलिओचा लशीतला विषाणू आतड्यात महिनोनमहिने, कधी वर्षानुवर्षं वाढत राहतो.

बीसीजी जन्मानंतर लगेच दिली जाते, त्यामुळे बऱ्याचदा निदान होईपर्यंत ती देऊन झालेली असते. स्वतःला दोष देऊ नका, पण डॉक्टरांना तारीख आणि हात सांगा, आणि ती जागा दर आठवड्याला त्याच उजेडात पाहा. फोटो काढून ठेवा. अनेक केंद्रांत जागा शांत असली तरी क्षयरोगाची औषधं सुरू करतात. बीसीजीचा जंतू पायराझिनामाइडला दाद देत नाही, त्यामुळे औषधांची जोडणी नेहमीच्या क्षयरोगापेक्षा वेगळी असते. आणखी एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या: प्रत्यारोपणानंतर नव्या पेशी जाग्या झाल्या की ती जागा एकाएकी लाल होऊन सुजू शकते. घाबरवणारं दृश्य असतं ते, पण त्याचा अर्थ नव्या पेशींना जंतू सापडला असाही असतो. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

घरातल्या बाकीच्यांनी मात्र लशी घ्यायच्या. सहा महिन्यांवरच्या सगळ्यांना इन्फ्लुएंझाची. भावंडांना पोलिओचे थेंब न देता इंजेक्शन द्या. त्यांच्या इतर जिवंत लशींबद्दल बाळाच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

घरात आणि वॉर्डात: प्रत्यारोपणापर्यंतचे आठवडे

बाळासाठी एक खोली आणि दोन माणसं ठरवा. दोघंच. आई-वडील, किंवा आई आणि आजी. बाकीच्यांनी दारातून बघायचं. हे सांगणं अवघड जातं, कारण माणसं प्रेमानेच येतात. अशा वेळी माझं नाव पुढे करा: 'सिस्टरने सक्त मना केलंय.' आम्हाला वाईटपणा घ्यायची सवय आहे.

खोलीत शिरताना हात साबणाने वीस सेकंद, मग कोरडे. अंगठ्या आणि बांगड्या काढून. बाहेरून आलेला शर्ट बदलून. ज्याला सर्दी, जुलाब किंवा ओठावर तापाचे फोड आलेत, त्याने खोलीत यायचंच नाही. ओठावरच्या फोडातला हर्पिसचा विषाणू एका पापीतून बाळापर्यंत पोचतो. घरात तोडफोड, रंगकाम, फरशीचं काम काढू नका. कुंड्या, ओली माती, कुजलेला पाला यांत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे कण असतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजच्या मुलांना त्यापासून विशेष धोका असतो आणि तो धोका तान्हेपणी संपत नाही. मोठं झाल्यावरही ते मूल पालापाचोळ्याच्या ढिगात खेळणार नाही, हे बघावं लागतं.

पाणी उकळून गार केलेलंच. वरचं दूध दर वेळी ताजं बनवा, आणि पावडर घालताना पाणी ७० अंश सेल्सिअसपेक्षा गार नको. मग बाळाला सोसेल इतकं निववून द्या.

अंगावरच्या दुधाचा प्रश्न सर्वांत हळवा. आईला पूर्वी सीएमव्हीचा संसर्ग होऊन गेला असेल, आणि जगातल्या बहुतेक प्रौढांना तो झालेला असतो, तर तो विषाणू दुधातून बाळाला जाऊ शकतो. निरोगी बाळाला त्याचं काही होत नाही. स्किडच्या बाळात तो फुप्फुसं, यकृत आणि डोळ्यांपर्यंत जातो. म्हणून आईची सीएमव्ही चाचणी पहिल्याच दिवशी करा आणि दूध द्यायचं की नाही ते त्यावर ठरवा. दूध नुसतं गोठवल्याने विषाणूची खात्री देता येत नाही. ६२.५ अंशांवर अर्धा तास पाश्चराइझ केलं तर तो मरतो, पण ती सोय सगळीकडे नसते. निकाल येईपर्यंत आईने दूध काढत राहावं. निकाल चांगला आला तर दूध आटलेलं नसेल. नसला, तरी एवढे दिवस ती बाळासाठी काही करत होती. छातीशी धरणं कुणीही बंद करायला सांगत नाही. दूध थांबलं तरी उब थांबवायची नाही.

आता ताप. थर्मामीटर, वही आणि पेन बाळाच्या खोलीतच ठेवा. काखेतलं तापमान सकाळ-संध्याकाळ, आणि बाळ मलूल वाटलं की लगेच. गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही, तिथल्या बारीक जखमेतून जंतू रक्तात शिरतात. आकडा ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला की आधी फोन, मग औषध. पॅरासिटामॉल आधी दिलं तर आकडा झाकला जातो. आणि ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. या बाळांना गंभीर संसर्गातही कधी कधी ताप येत नाही. श्वास जोरात चालणं, बरगड्यांमध्ये खळगे पडणं, दूध सोडणं, ओठ फिके दिसणं, यातलं काहीही दिसलं तर वहीत लिहीत बसू नका, निघा.

प्रत्यारोपणापर्यंत टेकू देणारी औषधं

कोट्रायमॉक्साझोल न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियासाठी असतं. नवजात बाळात काविळीचा धोका असल्याने ते सहसा महिना उलटल्यावर सुरू करतात, आणि बऱ्याचदा आठवड्यातले ठरावीक दिवसच देतात. ते दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. बुरशीचं औषध वेगळं, विषाणूंचं लागलं तर वेगळं.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली प्रतिपिंडं. शिरेतून देतात ती आयव्हीआयजी, साधारणपणे किलोला ४०० ते ६०० मिलिग्रॅम, दर तीन ते चार आठवड्यांनी. त्वचेखाली द्यायचा प्रकारही आहे. त्याची मात्रा छोटी, बहुधा आठवड्याला एकदा, आणि शिकून घेतलं तर घरीही देता येते. शिरेतून देताना सुरुवात हळू करतात. बाळ चिडचिडलं, थरथरलं, अंग लाल झालं तर लगेच सांगा, वेग कमी केला की बहुधा निभावतं. दर वेळी बाटलीवरचा बॅच क्रमांक वहीत उतरवा. पुढच्या डोसच्या आधी आयजीजीची पातळी तपासतात, कारण ती तळाची पातळी असते आणि डोस तिच्यावरून ठरतो. आणि हे सुरू असताना कुणी 'हिच्या रक्तात अमुक विषाणूची प्रतिपिंडं सापडली' म्हणालं तर हबकू नका. ती दात्यांची आहेत. संसर्ग खरंच आहे का ते पीसीआर सांगेल.

एडीए हे एन्झाइम नसल्यामुळे होणाऱ्या स्किडमध्ये आणखी एक आधार आहे. ते एन्झाइमच इंजेक्शनने देता येतं, आणि प्रत्यारोपण किंवा जनुक उपचार होईपर्यंत त्यावर बाळाला सावरता येतं.

प्रत्यारोपण

पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९६८ मधलं. अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये डॉ. रॉबर्ट गुड यांच्या चमूने स्किडच्या काही महिन्यांच्या मुलाला त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा दिली. सख्ख्या भावंडाची एचएलए जुळणी (पेशींवरच्या ओळखखुणांची जुळणी) पूर्ण असण्याची शक्यता चारात एक. ती जुळली तर उत्तम. नाही जुळली तर अर्धी जुळणी असलेले आई किंवा वडील, नोंदणीतले परके दाते, नाहीतर साठवलेलं नाळेचं रक्त. अर्ध्या जुळणीच्या पेशींतून उपद्रवी टी-पेशी काढून टाकण्याचं तंत्र १९८० च्या दशकात आलं, तोवर या बाळांसाठी दाता म्हणजे भावंडच. २०१४ च्या त्याच अभ्यासात, लहान वयाच्या आणि अंगात संसर्ग नसलेल्या बाळांत दाता कुठलाही असला तरी निकाल चांगले आले होते. म्हणून 'भावंड नाही, आता काय' अशी चिंता करत महिना घालवू नका.

ह्यूस्टनचा डेव्हिड व्हेटर पालकांनी बहुधा ऐकलेला असतो. १९७१ मध्ये जन्मलेला, जन्मापासून निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात वाढलेला. जुळणारा दाता नव्हता. अखेर १९८३ मध्ये त्याला बहिणीची, पूर्ण न जुळणारी, अस्थिमज्जा दिली. तिच्यात लपून असलेल्या एपस्टाइन-बार विषाणूमुळे (ईबीव्ही) त्याला कर्करोग झाला आणि १९८४ मध्ये, बाराव्या वर्षी, तो गेला. तो विषाणू आज दात्यात आधी तपासला जातो आणि प्रत्यारोपणानंतर बाळाच्या रक्तात वारंवार मोजला जातो. तुमच्या बाळाच्या कागदावर 'ईबीव्ही पीसीआर' पुन्हा पुन्हा दिसेल, त्यामागे हा मुलगा आहे.

आधी बाळाला सेंट्रल लाइन बसते, छातीवरून मोठ्या शिरेत जाणारी मऊ नळी. ती तुमची सोबतीण असणार आहे, म्हणून तिची निगा नर्सकडून समजून घ्या, तुमच्या हाताने करून दाखवा. नळीच्या टोकाची टोपी अल्कोहोलच्या पुसणीने पंधरा सेकंद घासायची, लिंबू पिळताना मनगट फिरतं तशी, आणि मग वाळू द्यायची. फुंकर मारायची नाही. वाळण्यातच जंतू मरतात, आणि घाईत सगळे तेवढंच विसरतात. एक वडील ते पंधरा सेकंद मोठ्याने मोजायचे. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या आवाजावर बाळ हसायला लागलं.

मग कंडिशनिंग, म्हणजे नव्या पेशींसाठी जागा करणारी केमोथेरपी. पूर्ण जुळणारं भावंड असेल तर स्किडमध्ये ती बऱ्याचदा लागतच नाही. बाकी आजारांत लागते. बसल्फान हे केमोचं औषध देत असतील तर रक्तातली त्याची पातळी मोजून डोस ठरवतात का, हे विचारा. काही स्किड प्रकारांत, उदाहरणार्थ आर्टेमिस जनुकाच्या दोषात, पेशींना डीएनएची दुरुस्ती जमत नाही. त्यांना केमो आणि एक्स-रे दोन्ही जपून द्यावे लागतात. जनुकाचं नाव कळणं किती गरजेचं आहे ते इथे दिसतं. केमोचा पुढे प्रजननक्षमतेवर काय परिणाम होऊ शकतो, हेही आत्ताच विचारा. बाळ तीन महिन्यांचं असलं तरी प्रश्न त्याच्या पुढच्या आयुष्याचा आहे.

दात्याला भूल देऊन कंबरेच्या हाडातून मज्जा काढतात, किंवा आई-वडील दाते असतील तर बऱ्याचदा हातातल्या शिरेतून यंत्रावर पेशी वेगळ्या करतात. आणि मग तो दिवस, शून्यावा दिवस. पालक शस्त्रक्रियेच्या तयारीने येतात. खरं तर एक पिशवी येते, लाल, कधी गुलाबीसर, बाळाच्या हिशोबाची छोटीशी, आणि ती रक्तासारखी लाइनमधून जाते. काही तासांत संपतं. बाळ बऱ्याचदा झोपलेलंच असतं.

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यांची. तोंड सोलवटतं, बाळ दूध घेत नाही, नाकातून नळी घालावी लागते. पांढऱ्या पेशी शून्याजवळ जातात. दोन ते चार आठवड्यांत न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या वर सलग तीन दिवस टिकले की पेशी रुजल्या म्हणतात. टी-पेशी मात्र तेव्हा येत नाहीत. त्यांना थायमसमध्ये शिकून यावं लागतं, त्याला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात. न्यूट्रोफिल आले म्हणून पाहुण्यांना दार उघडू नका.

ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज म्हणजे दात्याच्या पेशींनी बाळाच्या शरीराला परकं मानणं. तळहात-तळपायावर पुरळ, पाणीदार जुलाब, डोळे पिवळे, या तीन गोष्टी रोज बघा. पायमोजे काढून बघा. तो टाळायला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. त्यांची रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी सकाळचा डोस नमुना घेतल्यावर द्यायचा. चुकून आधी दिला गेला तर लपवू नका, सांगा. नाहीतर फुगलेल्या आकड्यावरून डोस कमी केला जातो आणि त्याचे परिणाम बाळ भोगतं.

जनुक उपचार कुठे बसतो

यात दाता बाळ स्वतःच. त्याच्याच मूळपेशी काढून त्यांत दुरुस्त जनुक घालायचं आणि परत द्यायच्या. जनुक उपचाराचा पहिला प्रयत्न १९९० मध्ये अमेरिकेत, एडीए दोषाच्या चार वर्षांच्या मुलीवर, पण तेव्हा मूळपेशी नव्हे, तिच्या टी-पेशी वापरल्या होत्या. १९९९ पासून पॅरिसमध्ये अलेन फिशर यांच्या गटाने एक्स-लिंक्ड स्किडच्या बाळांत पेशी खरोखर उभ्या केल्या, पण काही मुलांना जनुक पेशीत पोचवणाऱ्या वाहक विषाणूमुळे ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला. त्यानंतर वाहक बदलले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, नव्या लेंटिव्हायरस वाहकाने उपचार केलेली एडीए दोषाची पन्नासच्या पन्नास मुलं हयात होती. हा उपचार निवडक आजारांत आणि निवडक केंद्रांतच मिळतो. दात्याची जुळणी नीट नसेल तर जरूर विचारा, पण त्याची वाट बघत आयव्हीआयजी आणि काळजीचे दिवस ढिले पडू देऊ नका.

घरी आल्यावर

कायमेरिझम या तपासणीत किती टक्के पेशी दात्याच्या आहेत ते कळतं. शंभरच हवेत असा हट्ट नसतो, टी-पेशी दात्याच्या असणं महत्त्वाचं. कंडिशनिंग न केलेल्या बाळांत बऱ्याचदा बी-पेशी बाळाच्याच राहतात आणि आयव्हीआयजी चालू ठेवावी लागते. प्रत्यारोपण फसलं असा त्याचा अर्थ नाही.

निर्जीव लशी साधारण सहा महिन्यांनी ते वर्षाने पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. जिवंत लशींसाठी सहसा दोन वर्षं थांबतात, तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि आयव्हीआयजी बंद झाल्यावर आणि टी-पेशींचं काम तपासून.

आणि पुढच्या बाळाचा विचार मनात आला की गर्भारपणाआधीच जनुक तज्ज्ञांना भेटा. दोष एक्स गुणसूत्रावरचा असून आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दोघांकडून येणारा असेल तर प्रत्येक बाळात चारात एक. पहिल्या बाळाचा जनुकीय अहवाल हाती असेल तर गर्भारपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेच्या पेशींवर तपासणी होऊ शकते. ती केली नसेल तर प्रसूतीच्या आधी नवजात विभागाला लेखी कळवा: जन्मल्याबरोबर नाळेच्या रक्ताचा नमुना फ्लो सायटोमेट्रीला पाठवा, आणि निकाल येईपर्यंत बीसीजी आणि पोलिओचे थेंब देऊ नका. त्या कागदाची एक प्रत आईच्या पिशवीत वर ठेवा.